अंग चोरण्यामागचं कारण : स्तनाच्या कर्करोगानंतरचं एक प्रकरण

कर्करोग विभागातून आलेल्या चिठ्ठीवर तक्रार दोनच शब्दांत लिहिली होती : ‘इच्छा नाही.’ बाईंचं वय 44. एकट्याच आल्या होत्या. खुर्चीत बसताना त्यांनी पर्स छातीशी धरली आणि पहिल्या भेटीचा जवळजवळ सगळा वेळ ती तशीच धरून ठेवली.

हे प्रकरण एकाच बाईचं हुबेहूब वर्णन नाही. साधारण सारख्या वाटेनं गेलेल्या काही जणींचे अनुभव एकत्र करून ते मांडलं आहे, म्हणजे कोणाची ओळख पटणार नाही. उपचारांबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र जसं करतात तसंच.

आधी काय काय झालं होतं

42व्या वर्षी डाव्या स्तनात गाठ सापडली. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनवर वाढणारी), हर-2 या प्रथिनासाठी निगेटिव्ह, काखेतल्या दोन लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेली. डावा स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. स्तनाची पुनर्रचना करायची का, असं विचारलं गेलं होतं, पण त्या वेळी आणखी एक ऑपरेशन त्यांना नको होतं. मग केमो : डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडची चार सायकल, त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल, त्यानंतर रेडिएशन. पाळी केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर थांबली ती परत आली नाही. रेडिएशन संपल्यावर दर 28 दिवसांनी पोटात गोसेरेलिनचं इंजेक्शन आणि रोज लेट्रोझोलची एक गोळी सुरू झाली. माझ्याकडे आल्या तेव्हा ही गोळी सुरू होऊन 14 महिने झाले होते. शिवाय केमोच्या काळात घाबरल्यासारखं व्हायचं, झोप उडाली होती, म्हणून दिलेलं एसिटॅलोप्रॅम अजून चालूच होतं.

या यादीतल्या जवळपास प्रत्येक गोष्टीचा शरीरसंबंधांवर परिणाम होतो. सायक्लोफॉस्फामाइड अंडाशयाला इजा करतं. गोसेरेलिन उरलेल्या अंडाशयाला गप्प बसवतं. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरातही चरबीमध्ये आणि इतर ठिकाणी ॲरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे थोडं इस्ट्रोजेन तयार होत असतं. लेट्रोझोल तेही बंद करतं. म्हणजे पन्नाशीत पाळी हळूहळू गेलेल्या बाईपेक्षाही यांच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी, आणि ते उतरलं काही वर्षांत नव्हे तर काही आठवड्यांत. गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी असल्यामुळे उपचाराचा हेतूच तो आहे आणि तो योग्य आहे. पण योनीच्या अस्तराला या हेतूशी काही घेणं नसतं. इस्ट्रोजेन नसेल तर ते पातळ होतं, त्याच्या वळ्या सपाट होतात, पेशींमधलं ग्लायकोजेन घटतं, त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात आणि एरवी 3.8 ते 4.5 असणारा पीएच पाचाच्या वर जातो. लघवीच्या जागेलाही तेच भोगावं लागतं : जळजळ, वारंवार लागणं. या सगळ्याला 2014 पासून ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ असं एकत्र नाव आहे. त्याआधी फक्त योनीचा शोष म्हणायचे आणि मूत्रमार्गाच्या तक्रारी वेगळ्याच राहून जायच्या.

पहिली भेट

‘इच्छा नाही’ या शब्दांवर मी लगेच विश्वास ठेवत नाही. खोटं सांगतात म्हणून नाही. बायकांना या विषयावर बोलायला एवढा एकच शब्द हाताशी असतो, म्हणून. मी विचारलं, “शेवटचं कधी जवळ आलात, आणि त्या वेळी नेमकं काय झालं?”

त्या बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काचेचा चुरा घातल्यासारखं झालं. मी ओठ चावून पडून राहिले. यांना कळू दिलं नाही.”

रेडिएशननंतर असं चार वेळा झालं होतं. चारही वेळा त्यांनी सहन केलं, कारण “इतकी सेवा केली यांनी, एवढं तरी मी करायला हवं.” चौथ्या वेळी थोडं रक्त आलं. कर्करोग परत आला या भीतीनं त्यांनी दोन रात्री डोळा लावला नाही, आणि तरीही कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर त्या नवऱ्याला झोप लागेपर्यंत काही ना काही काम काढून बसू लागल्या. नवऱ्यानं खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरायच्या. रात्री बाईंच्या अंगाची आग होऊन पांघरूण फेकावं लागायचं, तेव्हा हिची झोप मोडू नये म्हणून ते दुसऱ्या खोलीत झोपायला गेले. बाईंनी त्याचा अर्थ लावला : आता मी यांना बघवत नाही.

“माझ्यातलं काहीतरी मेलंय, डॉक्टर,” त्या म्हणाल्या.

ऑपरेशनपासून 22 महिन्यांत त्या किती वेळा दवाखान्यात गेल्या असतील! रक्त, स्कॅन, हाडांची घनता, हाताची सूज, सगळं तपासलं गेलं. हा प्रश्न कोणी विचारला नाही. एकदा धीर करून त्यांनीच विषय काढला होता, तर उत्तर मिळालं, “जीव वाचला ना, आता याचं काय?” हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की ते कोणा एकाचं आहे असं मला वाटत नाही. पण ते ऐकणाऱ्या बाईसाठी दार तिथंच बंद होतं. जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञानं 1976 मध्ये लैंगिक समस्यांसाठी उपचारांच्या पायऱ्या सांगितल्या, त्यातली पहिली पायरीच मुळी ‘परवानगी’ आहे : या विषयावर इथं बोललं तर चालतं, एवढं रुग्णाला कळणं. त्याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, एक प्रश्न लागतो.

आता ‘इच्छा’. रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली मांडलेली गोष्ट मला इथं फार उपयोगी पडते. बऱ्याच स्त्रियांमध्ये, विशेषतः दीर्घ सहवासात, इच्छा आधी आणि स्पर्श नंतर असा क्रम नसतो. जवळ यावंसं वाटतं, स्पर्श होतो, शरीर प्रतिसाद देऊ लागतं आणि मग इच्छा जागी होते. अनुभव चांगला असेल तर पुढच्या वेळी जवळ जावंसं वाटतं. या बाईंचं चक्र चांगल्या अनुभवाच्या जागी तुटलं होतं. जिथं प्रत्येक वेळी काचेचा चुरा वाट्याला येतो, तिथं शरीर पुढच्या वेळी आधीच दार लावून घेणार. तो आजार नाही, शहाणपण आहे. तेव्हा इच्छेवर उपचार सुरू करणं म्हणजे गाडी उलट्या बाजूनं ढकलणं. आधी दुखणं थांबवायला हवं होतं.

स्त्रियांच्या लैंगिक आरोग्यासाठी 19 प्रश्नांची एक प्रचलित प्रश्नावली आहे, एफएसएफआय. ती मी भरून घेतली, पण गुणांवर भिस्त ठेवली नाही. गेल्या चार आठवड्यांत संबंधच आला नसेल तर बऱ्याच प्रश्नांना शून्य पडतं आणि बेरीज भयंकर दिसते. त्यापेक्षा दहापैकी किती दुखतं, हा साधा प्रश्न आम्ही शेवटपर्यंत वापरला. त्या दिवशीचं उत्तर होतं आठ.

तपासणी त्याच दिवशी करायलाच हवी असं नाही, हे मी सांगितलं. “थांबा म्हटलं की मी थांबेन,” हेही सांगितलं. हातात आरसा दिला. बाहेरची त्वचा फिकट, पातळ आणि चकचकीत, आत बारीक लाल ठिपके, पट्टीवर पीएच 6.5. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बोट टेकवताच आवळले जात होते. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत बघायचं उपकरण, मी घातलं नाही. रक्त आलं होतं ते कुठून, हे मात्र शोधायलाच हवं होतं, म्हणून सोनोग्राफी करून घेतली आणि गर्भाशयमुखाची तपासणी पुढच्या, सोप्या दिवसासाठी ठेवली. दोन्ही नॉर्मल आल्या. रक्त पातळ अस्तराला गेलेल्या चिरेचं होतं.

पहिले सहा आठवडे, आणि माझी चूक

पहिला उपचार कागदावर लिहून दिला : सहा आठवडे संभोग बंद. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी उतरला. ‘नाही’ म्हणायची जबाबदारी त्यांच्यावरून काढून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठेवणं, हे मला कुठल्याही क्रीमइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मग मॉइश्चरायझर आणि लुब्रिकंट यांतला फरक. कित्येकींना हे दोन्ही एकच वाटतात. मॉइश्चरायझर हे कोरड्या त्वचेला रोज क्रीम लावावं तसं : संबंध येवो न येवो, ठरलेल्या रात्री लावायचं, म्हणजे अस्तर पाणी धरून ठेवतं. लुब्रिकंट त्या वेळेपुरतं, घर्षण कमी करायला. बाईंना हायलुरॉनिक ॲसिडचं, हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर आठवड्यातून तीन रात्री दिलं. सुवासिक साबण, ‘इंटिमेट वॉश’ सगळं बंद, बाहेरून फक्त पाणी.

लुब्रिकंटचे प्रकारही समजावले. पाण्यावर आधारलेलं सहज धुतलं जातं, पण लवकर सुकतं. सिलिकॉनचं जास्त टिकतं आणि इतक्या नाजूक अस्तरावर मी सहसा तेच सुचवते. पाण्याचं घ्यायचं तर ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, बघावी. 2012 च्या सल्ल्यात जागतिक आरोग्य संघटनेनं ती 1200 च्या वर नसावी, 380 च्या आत असेल तर उत्तम, असं म्हटलं आहे. हे प्रमाण फार असलेला द्रव पेशींमधलंच पाणी ओढून घेतो आणि मग जळजळ होते. ‘गरम’ किंवा ‘थंड’ वाटणारी, वासाची, स्वादाची उत्पादनं वर्ज्य. या दोघांनी एकदा तेल वापरून पाहिलं होतं, तेही कंडोमसोबत. तेलानं लेटेक्स कमकुवत होतं. आणि कंडोम तर त्यांना हवाच होता. केमोनं पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असं नसतं, गोसेरेलिन हे गर्भनिरोधक म्हणून दिलेलं नसतं, आणि हार्मोनच्या गोळ्या या आजारात चालत नाहीत. कंडोम किंवा कॉपर-टी, असे हार्मोन नसलेलेच पर्याय उरतात. पाळी नाही म्हणजे काळजी नाही, असं समजणाऱ्या अनेक जणी मला भेटतात.

सहा आठवड्यांनी त्या आल्या. आतला कोरडेपणा कमी होता, चालताना टोचल्यासारखं व्हायचं ते थांबलं होतं. पण स्वतःचं बोट लावून बघितलं तर दुखणं तसंच. आठ.

चूक माझी होती. मी योनीच्या आतल्या भागाकडे पाहत राहिले आणि प्रवेशद्वार नीट तपासलंच नाही. या वेळी ओल्या कापसाच्या काडीनं योनीमुखाभोवती एकेका बिंदूला हलकेच स्पर्श करत गेले. घड्याळाच्या पाच आणि सातच्या जागी काडी टेकताच बाई दचकल्या. “हेच! हेच ते!” आत बोट गेल्यावर तितकं दुखत नव्हतं. मार्था गेट्श यांनी ऑरेगॉनमध्ये स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या 46 स्त्रियांवर केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच दिसलं होतं : दुखणं मुख्यतः योनीमुखाशी असतं, आणि 4 टक्के लिडोकेनच्या, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाच्या, द्रवात भिजवलेला कापूस तीन मिनिटं तिथं धरला तर नुसत्या सलाइनच्या कापसापेक्षा दुखणं खूपच कमी होतं. हे मला ठाऊक होतं. तरी पहिल्या दिवशी मी काडी उचलली नाही, आणि बाईंचे सहा आठवडे गेले.

मॉइश्चरायझर आता आठवड्यातून पाच रात्री, आणि आतइतकंच बाहेर, योनीमुखावरही. ॲरोमाटेज थांबवणारी औषधं घेणाऱ्यांना तीन रात्री अनेकदा पुरत नाहीत. सोबत ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी. इथं एक गैरसमज फार आढळतो. कीगलचे व्यायाम म्हणजे आवळणं, पण यांचे स्नायू आधीच आवळलेले होते. त्यांना शिकायचं होतं सोडणं : श्वास पोटात घेऊन, सोडताना तळ सैल करणं. ते जमल्यावर सगळ्यात बारीक डायलेटर (योनीत हळूहळू घालायची गुळगुळीत कांडी), लिडोकेन लावून, स्वतःच्या हातानं, दुखायच्या आधी थांबून.

पती आले तेव्हा

ते आले तिसऱ्या महिन्यात. बाईंच्या सांगण्यातून माझ्या मनात तयार झालेला माणूस आणि समोर बसलेला माणूस यांत बरंच अंतर होतं. ते घाबरलेले होते.

“मला वाटायचं, माझ्यामुळं परत येईल,” ते म्हणाले. संबंधानं शरीरात हार्मोन वाढतील आणि गाठ पुन्हा होईल, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. रेडिएशनबद्दलही भीती होती. शरीरसंबंधांमुळे कर्करोग परतत नाही, तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि बाहेरून दिलेलं रेडिएशन यंत्र बंद झाल्यावर शरीरात उरत नाही. ही तीन वाक्यं 22 महिन्यांपूर्वी कोणी त्यांना सांगितली असती तर बराचसा दुरावा आलाच नसता. सोबत येणारा नवरा म्हणजे फाइल धरणारा माणूस, असं आपण गृहीत धरतो. त्याच्याशी बोलायचं राहूनच जातं.

मग ते म्हणाले, “हिला कुठं हात लावायचा तेच मला कळत नाही.”

मी उत्तर दिलं नाही, बाईंकडे पाहिलं. खोलीत बराच वेळ शांतता होती. “डावीकडं मला काही कळतच नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि कडेला हात लागला की करंट बसतो. त्या रात्री तुम्ही अंधारात हात फिरवला ना, तेव्हा मी तुम्हाला ढकललं नव्हतं. करंट बसला होता.”

ते बघतच राहिले. ती रात्र दोघांनाही लख्ख आठवत होती, आणि दीड वर्ष दोघांनी तिचे दोन वेगळे अर्थ मनात बाळगले होते.

स्तन काढताना त्या भागातल्या नसा कापल्या जातात. काखेतल्या ग्रंथी काढताना दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी नस अनेकदा दुखावते. व्रणाभोवती बधिरपणा राहतो आणि त्या बधिर भागाच्या सीमेवर काही वेळा अति-संवेदनशील पट्टा असतो. हे ऑपरेशनच्या संमतीपत्रात एका ओळीत असतं. पलंगावर त्याचा अर्थ काय, ते तिथं लिहिलेलं नसतं.

मी कोऱ्या कागदावर शरीराच्या दोन आकृत्या काढून दिल्या, पुढून आणि मागून. हिरवा रंग : इथं चालेल. लाल : इथं नको. पिवळा : माहीत नाही, विचारून. घरी बसून भरायला सांगितलं. बाईंचा कागद परत आला तेव्हा उजवा स्तनही लाल होता. “तो एकटा उरलाय असं आठवतं,” त्यांनी सांगितलं. आणि आणखी एक गोष्ट, जी त्यांनी त्या दिवसापर्यंत नवऱ्यालाही सांगितली नव्हती : स्तनाग्रांचा स्पर्श हा त्यांच्यासाठी पूर्वी सगळ्यात मोठा भाग होता. तिथूनच सगळं सुरू व्हायचं.

यावर माझ्याकडे उपाय नव्हता. पुनर्रचनेनं आकार परत मिळतो, पूर्वीची संवेदना सहसा मिळत नाही. दुसरी जागा शोधू या, असं त्या क्षणी म्हणणं मला क्रूर वाटलं असतं. त्या रडल्या, पतीही रडले. पर्स त्या दिवशी बाजूच्या खुर्चीवर होती.

कागदावर हिरव्या निघालेल्या जागा होत्या मान, पाठ, पोटऱ्या आणि तळहात.

तिथून स्पर्शाचे टप्पे सुरू केले. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी ही पद्धत घडवली आणि पन्नासहून अधिक वर्षं ती टिकून आहे, कारण तिचा नियम सोपा आहे : स्पर्श करायचा तो फक्त काय जाणवतं ते बघण्यासाठी, कुठं पोचण्यासाठी नाही. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, आळीपाळीनं. छाती आणि जननेंद्रियं पहिल्या टप्प्यात वगळलेली. कपडे किती घालायचे हे बाईंनी ठरवायचं. वेळेवर आम्ही बरंच बोललो, आणि हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही. रात्री अंगाची आग होते. सकाळी लेट्रोझोलमुळे सांधे आखडलेले असतात, बोटं मिटत नाहीत. दुपारी दोन्ही नसतं. तेव्हा सुट्टीची दुपार. डाव्या हाताखाली उशी, म्हणजे खांदा ओढला जात नाही. काखेतल्या ग्रंथी काढल्यामुळे त्या हाताला सुजेचा धोका असतो, म्हणून नवऱ्याचं वजन त्या हातावर येता कामा नये.

तिसऱ्या आठवड्यात बाई मध्येच उठून गेल्या आणि पुढचे पंधरा दिवस काहीच झालं नाही. भेटीत त्यांनी सांगितलं, पाठीवर हात होता, छान वाटत होतं, आणि छान वाटलं म्हणूनच भीती वाटली. असं होतं. मागच्या टप्प्यावर जाऊन पुन्हा सुरुवात केली.

व्रणाची गोष्ट वेगळी आणि तिला तिचा वेळ लागला. ड्रेसिंग नर्स करायच्या, नंतर बाई आंघोळ करताना मान वर ठेवायच्या. नवऱ्यानं व्रण पाहिलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर बाईंनीही नाही. आधी डोळे मिटून साबणाच्या हातानं, मग फिजिओथेरपिस्टनं शिकवलेली व्रणाची मालिश, मग एक मिनिट आरसा. नवऱ्याला दाखवायचं की नाही, हा प्रश्न मी त्यांच्यावर सोपवला. प्रत्येकीनं व्रण दाखवलाच पाहिजे, त्याशिवाय स्वीकार पूर्ण होत नाही, असं हल्ली बोललं जातं. मला ते पटत नाही. मऊ कापडाची बनियन घालून जवळ येणं हेही जवळ येणंच आहे.

औषधांचे प्रश्न

एसिटॅलोप्रॅमसारख्या औषधांनी इच्छा मंदावते आणि कामतृप्ती लांबते किंवा येतच नाही. बाईंची घाबरण्याची तक्रार बरीच ओसरली होती, म्हणून त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून डोस दोन महिन्यांत उतरवत नेला. हे औषध स्वतःहून एकदम कधीही बंद करू नये. आणि ज्या बायका लेट्रोझोलऐवजी टॅमॉक्सिफेन घेतात, त्यांच्या बाबतीत आणखी एक पाहावं लागतं : पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवतात, त्याच एन्झाइमनं टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप तयार होतं.

“इच्छा वाढवायची गोळी नाही का?” असं दोघांनीही वेगवेगळं विचारलं. कर्करोगातून बाहेर आलेल्या स्त्रियांना यासाठी ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध देऊन पाहिलेली एक मोठी चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला नाही. ‘लेझरनं योनी पूर्ववत’ अशी जाहिरातही बाई फोनवर घेऊन आल्या होत्या. अशा उपकरणांच्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेनं 2018 मध्ये इशारा दिला होता. मी त्या वाटेला न जाण्याचा सल्ला दिला.

अवघड प्रश्न होता योनीतून लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेनचा, कारण लघवीची जळजळ पूर्ण गेली नव्हती. तोंडातून घ्यायची हार्मोन्स तर या आजारात नकोच. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांना ती देऊन पाहणारी एक चाचणी 2003 मध्ये आजार उलटण्याचं प्रमाण वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. योनीतून लावायचं औषध रक्तात फार थोडं जातं, आणि बिगर-हार्मोन उपाय पुरेनासे झाले तर कर्करोगतज्ज्ञांशी बोलून त्याचा विचार करता येतो, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत आहे. स्कॉटलंड आणि वेल्समधल्या 49,237 रुग्णांच्या, 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योनीतून इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये या कर्करोगानं होणारे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. पण 2022 च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात, एकूण धोका वाढला नसला तरी, लेट्रोझोलच्या गटातली औषधं घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, मृत्यूंचं मात्र नाही. बाई नेमक्या त्या गटात होत्या.

हे सगळं त्यांच्यासमोर आणि त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांसमोर ठेवलं. टॅमॉक्सिफेनवर बदलायचं का, हेही बोललो. काखेतल्या ग्रंथींमध्ये आजार पोचलेला होता, म्हणून तज्ज्ञांना लेट्रोझोल चालू ठेवणं बरं वाटलं. बाईंनी इस्ट्रोजेनला नकार दिला. “दुखणं थोडं राहिलं तर चालेल. पण लावून झोपायचं आणि रात्रभर त्याचाच विचार करायचा, हे मला झेपणार नाही.” दुसऱ्या एखादीनं त्याच आकड्यांवरून हो म्हटलं असतं, आणि तेही बरोबर ठरलं असतं.

पुढचे महिने

पाचव्या महिन्यात डायलेटर विनासायास जाऊ लागला. सहाव्यात त्यांनी स्वतःहून ठरवलं. आधी लिडोकेन तीन मिनिटं, मग पुसून घेऊन सिलिकॉनचं लुब्रिकंट दोघांनाही, कुशीवर, वेग बाईंच्या हातात. दुखणं चार. मध्येच थांबले, आणि थांबल्यावर कोणी दुसऱ्या खोलीत गेलं नाही. महिन्याभरानं तीन. आठव्या महिन्यापासून दोन, कधी एक.

कामतृप्ती उशिरा परतली, एसिटॅलोप्रॅम पूर्ण बंद झाल्यावर, आणि योनीप्रवेशातून नव्हे. शिश्निकेसाठी लहान व्हायब्रेटर वापरायला मी सुचवलं तेव्हा बाई संकोचल्या होत्या. रक्तपुरवठा आणि संवेदना कमी झालेल्या भागाला जास्त उत्तेजन लागतं, यात लाजण्यासारखं काही नाही, हे दोघांना एकत्र बसवून सांगितल्यावर जमलं. आता महिन्यातून दोन-तीनदा ते जवळ येतात. त्यातल्या निम्म्या वेळा संभोग नसतो, आणि तो नसण्याची तक्रार दोघांपैकी कोणी केली नाही.

‘इच्छा’ कशी आहे, हे मी दहाव्या महिन्यात विचारलं. बाई म्हणाल्या, “आपोआप येत नाही. पण सुरू केल्यावर येते.” केमोच्या आधी कशी होती, असं विचारलं तर थोडा विचार करून म्हणाल्या, “तेव्हाही बहुतेक तशीच असेल. तेव्हा कधी बघावं लागलं नाही.”

लघवीची जळजळ अधूनमधून आहे. उजवा स्तन कागदावर लालचा पिवळा झाला आहे. बनियन अजून असते. व्रण नवऱ्यानं एकदा पाहिला, पलंगावर नाही, त्या मालिश करत असताना, त्यांनीच हाक मारून बोलावलं तेव्हा. लेट्रोझोलची आणखी तीन वर्षं तरी आहेत आणि मॉइश्चरायझर तेवढा काळ आठवड्यातून पाच रात्री चालणार आहे. इस्ट्रोजेनचा विषय सहा महिन्यांनी पुन्हा काढायचा, असं त्यांच्या फाइलवर लिहून ठेवलं आहे.